टेबलावरची लढाई

खेळ सोपा की कठीण, हे आपण बहुधा खेळ पाहून ठरवीत नाही. त्याचे सामान पाहून ठरवितो. विटीदांडूसाठी कोणी शिकवणी लावीत नाही, कारण झाडाची एक फांदी मिळाली की तो सुरू होतो. गल्लीतल्या क्रिकेटला फळकुटाची बॅट चालते, म्हणून गल्लीतले प्रत्येक पोर क्रिकेट खेळते. बिलिअर्डचे हिरवेगार टेबल दिसले, की मात्र भल्याभल्यांचे पाय दारातच अडखळतात.

चिमुकल्या शिपायांच्या लढाईचा जो खेळ युरोप-अमेरिकेत 'वॉरगेम' या नावाने खेळला जातो, त्याच्या वाट्याला हेच दुर्दैव आले आहे. त्याची छायाचित्रे पाहावीत तर खाटेएवढे टेबल, त्यावर हुबेहूब डोंगर, पूल, कौलारू गाव. आणि अंगठ्याएवढे शेकडो शिपाई, ज्यांच्या कोटाची बटणेसुद्धा रंगविलेली! भोवती दोन गंभीर गृहस्थ, हातात फूटपट्टी आणि बाजूला जाडजूड नियमांचे पुस्तक. नवखा माणूस हे पाहतो आणि मनाशी म्हणतो, "छानच आहे; पण हे आपले काम नव्हे."

वास्तविक हा खेळ समजावयास पाच मिनिटे पुरतात. टेबल हे रणांगण आणि दोन खेळाडू हे दोन सेनापती. आळीपाळीने आपापल्या तुकड्या पट्टीने मोजून पुढे सरकवावयाच्या, बाण किंवा तोफ कोठवर पोचते ते मोजावयाचे, आणि नेम लागला की चुकला हे फासा टाकून ठरवावयाचे. बुद्धिबळाहून वेगळेपण एवढेच, की येथे घरे आखलेली नाहीत आणि दैवालाही एक मत आहे.

मग हा खेळ एवढा अवघड का वाटू लागला? त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे.

राजापुढे वाळू कशी न्यावी?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात राइसविट्झ नावाचे एक सरकारी अधिकारी होते. वाळूचे उंचवटे करून त्यांवर ते युद्धाचा खेळ मांडीत. राजपुत्रांनी तो पाहिला, त्यांना तो फार आवडला, आणि गोष्ट राजे तिसरे फ्रेडरिक विल्यम यांच्या कानी गेली. राजेसाहेबांनी खेळ पाहण्याची इच्छा दर्शविली. आता राजापुढे वाळू कशी न्यावयाची? राइसविट्झांना संकोच वाटला. त्यांनी वाळू टाकून दिली आणि एक खास टेबल तयार करविले. त्याला सोंगट्यांसाठी खण होते. आणि वर मांडावयास डोंगर, नद्या, रस्ते दाखविणारे चौकोनी तुकडे होते. ते जुळवावे तसा प्रदेश तयार होई. १८१२ साली हे टेबल राजवाड्यात पोचले. राजघराणे त्यावर खेळू लागले. पण असले टेबल दुसऱ्या कोणाच्या घरी येणार कोठून? खेळ राजवाड्यातच अडकला.

तो बाहेर काढला त्यांच्याच मुलाने. हा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने टेबलाला रजा दिली. साधा कागदी नकाशा, लहान ठोकळे, फासे आणि निवाडा देणारा एक पंच एवढ्यावर खेळ बसविला आणि १८२४ साली त्याचे नियम छापले. सेनापती म्युफ्लिंग तो पाहावयास आले ते काहीशा अनिच्छेनेच, असे सांगतात. परंतु डाव रंगू लागला तसे ते खुलत गेले. हा नुसता खेळ नसून युद्धाचे शिक्षणच आहे, असे उद्गार त्यांनी काढले आणि साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली.

पुढे पुन्हा तेच झाले. नियमांवर नियम चढले, हानीची कोष्टके वाढली, आणि एक चाल पुरी होईतो अधिकाऱ्यांना जांभया येऊ लागल्या. तेव्हा १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या शब्दावर खेळण्याची रीत सांगितली. खेळ पुन्हा हलका झाला.

खेळ वाळूत जन्मला, संकोचापायी महाग झाला आणि पांडित्यापायी जड झाला; परंतु ज्या ज्या माणसाने त्यातले ओझे उतरविले, त्याने त्याने तो चार नव्या घरांत नेऊन पोचविला. नवख्याने ही एक गोष्ट ध्यानात ठेविली तरी त्याची निम्मी भीती जाईल.

माळ्यावरचा स्टीव्हन्सन, जमिनीवरचा वेल्स

घराघरांत हा खेळ नेला तो साहित्यिकांनी. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० ते १८८२ या काळातल्या दोन हिवाळ्यांत प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहिला होता. तेथे तो आपल्या सावत्र मुलाबरोबर, लॉइड ऑस्बर्नबरोबर, घराच्या माळ्यावर शिशाच्या शिपायांची लढाई खेळत असे. रणांगण कोणते, तर माळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी काढलेला नकाशा! पुढे १८९८ साली ऑस्बर्नने या खेळाची हकीकत एका मासिकात लिहिली.

खरी क्रांती केली ती एच. जी. वेल्सने. कालयंत्राची आणि मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लिहिणाऱ्या या गृहस्थाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे एक छोटेसे पुस्तक काढले. ते कसे सुचले, हेही त्यानेच सांगितले आहे. एकदा जेवण झाल्यावर एका मित्राने खेळण्यातली स्प्रिंगची तोफ उचलली आणि शिशाच्या शिपायांवर नेम धरावयास सुरुवात केली. मित्राची वेल्सने नुसती आद्याक्षरे दिली आहेत. परंतु ते विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानले जाते. दोघा प्रौढांची चुरस लागली आणि त्या चुरशीतून नियम जन्मले. पायदळाने एका चालीत १ फूट जावे, घोडदळाने २ फूट. मुलांचे लाकडी ठोकळे म्हणजे घरे आणि बागेतल्या डहाळ्या म्हणजे अरण्य. सगळा मामला दिवाणखान्याच्या जमिनीवर!

वेल्सने हा खेळ बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत साऱ्यांना खुला केला. मुलींना मात्र जागा दिली ती जरा हात आखडून. मुलांचे खेळ आवडणाऱ्या अधिक हुशार मुलींपुरती! आजच्या घरातल्या मुलीने वेल्ससाहेबांच्या परवानगीची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

शिपाई स्वस्त झाले

शिपाई स्वस्त होत गेले, तसे खेळाडू वाढत गेले. इंग्लंडात ब्रिटन्स कंपनीने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले. धातू कमी लागल्यामुळे ते मध्यम वर्गाच्या आवाक्यात आले. १९५९ साली एअरफिक्स कंपनीने पेरभर उंचीचे प्लॅस्टिकचे शिपाई बाजारात आणले. मुलांच्या खाऊच्या पैशांत अख्खी पलटण येऊ लागली. पाठोपाठ १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांनी 'वॉर गेम्स' हे पुस्तक लिहून, सामान्य माणसाने घरच्या घरी हा खेळ कसा मांडावा, हे समजावून दिले. हे गृहस्थ व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट होते.

१९८३ साली इंग्लंडातच 'वॉरहॅमर' हा राक्षस-यक्षांच्या लढायांचा खेळ निघाला आणि जगभर गाजला. त्याच्या बाहुल्या देखण्या खऱ्या. परंतु सुटे भाग कापावे, चिकटवावे, रंगवावे, आणि किमतीही भारी. नवखा माणूस घाबरतो तो बहुधा याच दुकानाच्या काचेसमोर. त्याला कोणी सांगत नाही, की १९९० साली आलेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या प्राचीन लढायांच्या खेळात दर बाजूला अवघ्या १२ तुकड्या लागतात आणि डाव तासाभरात आटोपतो. २०१४ साली नील थॉमस यांनी तर 'वन-अवर वॉरगेम्स' या पुस्तकात ३ फूट लांब, ३ फूट रुंद टेबल आणि बाजूला ६ तुकड्या एवढ्यावर ३० प्रकारच्या लढाया मांडून दाखविल्या. आपले जेवणाचे टेबल याहून लहान थोडेच असते!

घरात काय काय आहे?

आपल्याकडे तर निम्मी तयारी दिवाळीतच होते. अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव-मोहरी उगवते, कुंभाराकडून मावळे येतात. दिवाळी सरली, की बिचारे मावळे टोपलीत जाऊन पडतात. ते तसे पडू देऊ नयेत. प्रत्येकाच्या पायाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवावा आणि खेळताना मावळ्याला न धरता पुठ्ठ्याला धरून सरकवावे, म्हणजे भाले-ढाली मोडत नाहीत. मावळा मोठा असला तर एक मावळा म्हणजे एक तुकडी समजावी. महाराजांची मूर्ती मात्र सिंहासनावरच असू द्यावी. तिला चालींत ओढू नये.

मावळे नसतील तर पुठ्ठ्यावर शिपाई काढून मुलांनी रंगवावेत; तेही नसतील तर सोंगट्या किंवा बटणे घ्यावीत. दोन-तीन पुस्तके ठेवून वर हिरवी चादर पसरली की टेकडी झाली. निळ्या कागदाची पट्टी म्हणजे नदी. काड्यापेट्यांची रांग म्हणजे तटबंदी. एक फूटपट्टी आणि सापशिडीचा एक फासा घेतला की सामान संपले.

नमुन्याची एक लढाई

पहिल्या डावासाठी हे नियम पुरेत. टेबल ३ फुटांचे, मधोमध एक टेकडी. दर बाजूला चार तुकड्या: दोन पायदळाच्या, एक तिरंदाजांची, एक घोडेस्वारांची. प्रत्येक तुकडीला ६ 'दम'. ते कागदावर मांडून ठेवावेत आणि संपले की तुकडी उचलावी. तुकड्या आपल्या कडेपासून ६ इंचांच्या आत उभ्या कराव्यात. पायदळ व तिरंदाज एका चालीत ६ इंच जातात, घोडेस्वार १२ इंच. न हललेल्या तिरंदाजांनी १२ इंचांच्या आत बाण सोडावा. फाशावर ४, ५ किंवा ६ पडले तर शत्रूचा एक दम गेला. तुकड्या भिडल्या तर दोघांनी फासा टाकावा. लहान आकड्याचे दोन दम जातात, बरोबरी झाली तर दोघांचा एकेक. टेकडीवर असलेल्याने आपल्या आकड्यात १ मिळवावा. दोघांच्या दहा-दहा चाली झाल्यावर टेकडी ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

एवढेच नियम, पण पहिल्या चालीलाच सेनापतीची परीक्षा सुरू होते. घोडेस्वार एका दौडीत टेकडीशी पोचतात, पायदळाला दोन चाली लागतात. घोडे पुढे धाडले तर टेकडी मिळेल खरी. परंतु मागची कुमक येईपर्यंत ते एकटे पडतील आणि समोरचे तिरंदाज त्यांच्यावरच नेम धरतील. थांबावे, तर टेकडी शत्रू घेईल. दहा वर्षांचा मुलगा येथे ओठ चावीत बसतो, आणि त्याचे वडीलही! प्रशियातल्या अधिकाऱ्यांना जो पेच पडे, तोच हा पेच आहे; जाडे पुस्तक नाही म्हणून तो काही उणा होत नाही.

आता अडचणीही सांगावयास हव्यात. पहिल्या डावात वाद होणारच: बाण ११ इंचांवर लागला की १३ वर? तेव्हा आधीच ठरवून टाकावे, की शंका आली तर फासा टाकावयाचा आणि पुढे चालावयाचे. दुसरे, आरंभीच शंभर शिपाई विकत घेऊ नयेत. ते रंगविल्यावाचून कपाटात राहतात आणि खेळही त्यांच्याबरोबर कपाटात जातो. आधी चार डाव खेळावेत, मग खर्चाचे पाहावे.

घरात लढाई कशाला?

काही आईबाप विचारतील, की मुलांना लढाईचा नाद लावावा कशाला? शंका रास्त आहे. वेल्सलाही ती टळली नव्हती. त्याचे पुस्तक निघाले आणि वर्षभरातच, १९१४ साली, खऱ्या महायुद्धाने युरोपची एक पिढी गिळली. परंतु त्याच पुस्तकाच्या शेवटी त्याने असा विचार मांडला आहे, की ही छोटी लढाई तीन-चार वेळा खेळणाऱ्याला कळून चुकते, मोठी लढाई ही केवढी आंधळी आणि चुकांनी भरलेली गोष्ट असली पाहिजे. फेदरस्टोन तर दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात लढून आलेले. युद्ध म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. तरी त्यांनी हा खेळ घराघरांत नेला.

पडद्यावरच्या खेळात शत्रू मेला की लगेच दुसरा उगवतो. टेबलावर तसे नाही. आपण स्वतः रंगविलेला शिपाई आपल्याच घाईपायी उचलून बाजूला ठेवावा लागतो; तो दिवसभर तेथे पडलेला दिसतो. शिवाय समोर बसलेला शत्रू हा आपला भाऊ, बहीण किंवा वडील असतो आणि डाव संपल्यावर त्याच्याच पंक्तीला बसून फराळ करावयाचा असतो. हरणे सोसावे कसे आणि जिंकल्यावर तोंड आवरावे कसे, हे शिकावयास याहून बरी जागा सापडणे कठीण.

तेव्हा या सुट्टीत जेवणाचे टेबल तासभर मागून पाहावे. गृहिणीने ते दिले, तर पहिली लढाई जिंकल्यासारखीच आहे. आणि तिने आपल्या बाजूचे सैन्य मागितले, तर मात्र टेकडी सांभाळून राहावे.