बोटावर नव्व्याण्णव, तरीही मास्क हवाच

डिसेंबरातली सकाळ. बाथरूमचं दार फोडून बाहेर काढलेली बावीस वर्षांची मुलगी चादरीत गुंडाळून आमच्या अपघात विभागात आणली होती. केस ओले, शुद्ध अर्धवट, वाटेत दोनदा उलटी झालेली. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, हे वडिलांनी विचारायच्या आधीच सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं, "पण गॅसचा वास अजिबात नव्हता हो." ड्यूटीवरच्या इंटर्न मुलीने ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला पाठवलं, ईसीजी काढला. सगळं बरोबर. वीस मिनिटांनी मी पोहोचलो तेव्हा पेशंट डोळे उघडून बोलत होती आणि मास्क उशीपाशी पडला होता.

"का काढला?"

"सर, सॅच्युरेशन नव्व्याण्णव आहे."

मास्क पुन्हा चढवला. थैलीवाला, तोंडाला घट्ट बसणारा, ऑक्सिजन पूर्ण सोडून. मग इंटर्नला बाजूला घेऊन केसपेपरच्या पाठीवर हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडची अभिक्रिया लिहायला सांगितली. तिने लिहिली. बाण एकच, डावीकडून उजवीकडे.

मुलगी हुशार आहे. ल शातेलिएचं तत्त्व ती झोपेतही म्हणून दाखवील. त्यावर चार पर्यायांचे शेकडो प्रश्न सोडवूनच ती इथवर आली आहे. पण तो धडा वहीत राहिला आणि वॉर्डात आला नाही. यात तिचा दोष फारसा नाही. रासायनिक समतोल हा शब्दच फसवा आहे. 'समतोल' म्हटलं की डोळ्यांपुढे तागडी येते: दोन्ही पारडी सारखी आणि काटा स्थिर. त्यामुळे मुलं दोन चुकीच्या गोष्टी धरून बसतात. एक, समतोल आला म्हणजे क्रिया थांबली. दुसरी, दोन्ही बाजूंना माल सारखाच उरला.

मी दरवर्षी नव्या बॅचला दोन टब घेऊन हा खेळ दाखवतो. एका टबात पाणी, दुसरा रिकामा. एका मुलाच्या हाती पेला, दुसऱ्याच्या हाती वाटी. दोघांनी एकाच वेळी आपापल्या टबातून पाणी घेऊन समोरच्या टबात ओतायचं. भांडं तळाला टेकवायचं आणि जेवढं येईल तेवढंच घ्यायचं. सुरुवातीला पेल्यातून भराभर पाणी जातं, वाटी जवळजवळ कोरडीच येते. हळूहळू इकडची पातळी उतरते, तिकडची चढते आणि एका क्षणी दोन्ही पातळ्या जागच्या जागी राहतात. हात मात्र चालूच असतात! जेवढं जातं तेवढंच परत येतं, म्हणून पातळी हलत नाही. आणि त्या दोन पातळ्या सारख्याही नसतात, कारण पेला आणि वाटी सारखी नाहीत. मग मी एका टबात तांब्याभर पाणी ओततो. दोन्ही टबांतल्या पातळ्या पुन्हा हलू लागतात आणि नव्या जागी स्थिरावतात. ल शातेलिए या फ्रेंच खाण अभियंत्याने १८८४ मध्ये मांडलेलं तत्त्व या तांब्यात दिसतं.

आता रक्ताकडे येऊ. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागांवर बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. मुंबईच्या मुलांना मी सांगतो, ऑक्सिजन म्हणजे दादरला चढून ठाण्याला उतरणारा प्रवासी, मोनॉक्साइड थेट कर्जतचा. त्याहून वाईट म्हणजे तो शेजारी येऊन बसला की उरलेल्या जागांवरचे ऑक्सिजनही आपल्या स्टेशनवर उतरेनासे होतात. म्हणून निम्मं हिमोग्लोबिन मोनॉक्साइडने अडवलेला माणूस हा निम्मंच हिमोग्लोबिन असलेल्या पांडुरोग्यापेक्षा जास्त संकटात असतो.

थोडं गणित करू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. मोनॉक्साइड समजा फक्त ०.१ टक्का, म्हणजे ऑक्सिजनच्या दोनशेदहाव्या भागाइतका. पण पकड दोनशेहून अधिक पट. अशा हवेत माणूस पुरेसा वेळ राहिला तर समतोल येईल तेव्हा जवळपास निम्मं हिमोग्लोबिन विषाच्या ताब्यात गेलेलं असेल. बंद, लहान बाथरूममध्ये गीझरची ज्योत पेटती असेल आणि ऑक्सिजन कमी पडून अर्धवट जळत असेल, तर प्रमाण याच्याही पुढे जाऊ शकतं.

मग बोटावर ९९ का दिसले? पल्स ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो. मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही लालच असतं. यंत्राला ते ऑक्सिजन बसलेलंच वाटतं. खुर्ची भरलेली आहे एवढंच त्याला कळतं, कोण बसलंय ते कळत नाही. कळायला को-ऑक्सिमीटर लागतो. आमच्या रक्तवायू तपासणीच्या यंत्रात ती सोय आहे. बऱ्याच ठिकाणी नाही. नसेल तिथे 'बाथरूममध्ये गॅस गीझर होता' हे नातेवाइकांचं एक वाक्य पुरेसं मानून उपचार सुरू करावेत. पुस्तकातल्या चेरीसारख्या लाल कातडीची वाट पाहू नये. जिवंत पेशंटमध्ये ती क्वचितच दिसते.

या मुलीचा अहवाल आला: ३४ टक्के. इंटर्नचा चेहरा उतरला. खरं तर तिला धीर यायला हवा होता, कारण बाण दुहेरी आहे. कर्जतचा प्रवासीही उतरतो, फक्त उशिरा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण एक ते दीड तास. दाब वाढवलेल्या खोलीत अर्ध्या तासापेक्षाही कमी, पण अशा खोल्या आपल्याकडे मोजक्याच. मी केसपेपरवर लिहिलं: ३४, १७, साडेआठ, सव्वाचार. तीनदा निम्मं. मास्क असेल तर दुपारपर्यंत, नसेल तर मध्यरात्रीपर्यंत. आणि तेवढा सगळा वेळ मेंदू आणि हृदय उपाशी. आपण ऑक्सिजन देतो तो फक्त श्वासाला मदत म्हणून नव्हे. तो त्या टबात ओतलेला तांब्या असतो.

जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९५ मध्येच हे दाखवलं होतं. पुरेशा दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर मोनॉक्साइड असूनही जगले. त्याने तो वायू स्वतःही हुंगून रक्त तपासलं, जे कुणी करू नये! कोळशाच्या खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्याचीच. कॅनरी नाजूक म्हणून नव्हे, तर तिचा श्वास इतका जलद की तिचं रक्त माणसाच्या कितीतरी आधी समतोलाला पोहोचतं. ती पडली की खाणकामगारांना पळायला वेळ मिळे. पुढे अशा पिंजऱ्यांवर ऑक्सिजनची छोटी नळकांडीही बसवलेली असत, पडलेल्या पक्ष्याला उठवायला. तिथेही बाण उलट फिरायचाच.

मी इंटर्नला फार बोललो नाही, कारण तीसेक वर्षांपूर्वी हे मीही केलं आहे. तेव्हा मी निवासी डॉक्टर होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेला एक माणूस पहाटे आणला होता. ऑक्सिजनवर अर्ध्या तासात शुद्धीवर आला, चहा मागितला. खाटा कमी होत्या. मी त्याला घरी पाठवला. तीन आठवड्यांनी बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. तो तिला ओळखत नव्हता, जागच्या जागी लघवी करत होता. मोनॉक्साइडनंतर मेंदूवर असा उशिरा होणारा परिणाम दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. आणखी सहा तास ऑक्सिजन दिला असता तर टळलं असतं का? खात्रीने सांगता येत नाही, कारण पूर्ण उपचारांनंतरही असं कधीकधी होतं. पण मी ते सहा तास दिले नव्हते, हे खरं.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. तेव्हा 'वास नव्हता' याला काही अर्थ नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावं. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पायांतलं बळ गेलं तर आधी दार उघडून बाहेर पडावं. या कारणाने बाथरूममध्ये झटका येऊन पडलेल्यांना फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्याचंही मी पाहिलं आहे.

दुपारी राउंडला गेलो तेव्हा मुलगी मास्कच्या आतून आईशी बोलत होती. दुसरा अहवाल ९ टक्के. इंटर्न तिच्या वडिलांना थांबवून काहीतरी विचारत होती.

"आज तिच्या आधी बाथरूममध्ये कोण गेलं होतं, काका?"

"धाकटा. घरीच झोपलाय तो. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणतो, परीक्षा आहे ना त्याची."

"त्याला उठवायला सांगा. फोन करा," ती म्हणाली, "आणि आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन या."