घरच्या घरी चीज बनवायचंय? आधी दुधाची पिशवी वाचा!

मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळं अर्ध्या तासात होतं. दूध कोमट करायचं, दोन पावडरी घालायच्या, थोडं ढवळायचं आणि हातात ताणला जाणारा पांढराशुभ्र मोझरेला! प्रत्यक्षात अनेकांच्या पातेल्यात मात्र पाणी आणि त्यात तरंगणारा बारीक रवा एवढंच उरतं. दोन लिटर दूध वाया गेलं की दोष रेसिपीला दिला जातो. पण बहुतेक वेळा चूक असते ती दुधाच्या निवडीत.

पनीर जमतं, मग चीज का बिघडतं?

कारण दोन्हींचं तंत्रच वेगळं आहे. पनीरसाठी आपण दूध उकळतो आणि लिंबू पिळून ते फाडतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की जवळपास कुठलंही दूध फाटतं. उकळल्यामुळे एरवी पाण्यासोबत निघून जाणारी प्रथिनंही पनीरमध्ये अडकतात, म्हणून पनीर जास्त निघतं.

मोझरेला, चेडर यांसारख्या चीजमध्ये दूध फाडत नाहीत, ते रेनेट नावाच्या एन्झाइमने गोठवतात. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ठरावीक जागी रेनेटची कात्री चालते आणि ते एकमेकांना धरून जाळं तयार करतात. दूध खूप तापवलं असेल, तर निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनच्या कणांना चिकटतात. मग कात्री चालायला जागाच राहत नाही आणि जाळं कच्चं राहतं.

म्हणजेच दूध आणल्या आणल्या उकळून ठेवायची आपली सवय चीजच्या बाबतीत आडवी येते.

कोणतं दूध चालतं?

टेट्रापॅकमधलं, फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं यूएचटी दूध इथे बाद. ते 135 अंशांच्या वर तापवलेलं असतं. रोजच्या पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध न उकळता वापरता येतं. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये 6 टक्के. पहिल्या प्रयत्नाला गायीचं किंवा फुल क्रीम दूध घ्या. पिशवीवर ‘होमोजनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर गोठलेलं दूध थोडं नाजूक होतं. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइडचे काही थेंब पाण्यात मिसळून घातले की ते सावरतं.

गोठ्यावरचं ताजं दूध चीजसाठी उत्तम, पण ते कच्चं वापरू नका. त्यातून ब्रुसेलोसिस, क्षयरोग यांसारखे आजार होऊ शकतात. इथे उकळायचं नसल्याने धोका आणखी वाढतो. उपाय सोपा आहे: थर्मामीटर लावून दूध 63 अंशांवर सलग 30 मिनिटं ठेवा आणि लगेच थंड करा.

सामान कुठे मिळतं?

निम्मं सामान घरातच असतं. श्रीखंडाचा चक्का टांगायचं मलमलचं कापड, जाड बुडाचं पातेलं, चाळणी. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं. मीठ आयोडीन नसलेलं असेल तर बरं, पण त्यावाचून अडत नाही. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मात्र घ्याच. इथे अंदाज चालत नाही.

रेनेट शक्यतो ऑनलाइनच मागवावं लागतं. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. आपल्याकडे ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ असं लिहिलेलं घ्या. ते बुरशीपासून बनतं. भारतीय अन्न नियमांतही चीजसाठी प्राणिज नसलेलं रेनेटच अपेक्षित आहे. घेताना एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि मुदत तपासा, आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. कॅल्शियम क्लोराइड फूड ग्रेडच हवं. कपाटातली ओल शोषणाऱ्या डब्यातलं अजिबात नको.

आधी एका कपाची चाचणी

दोन लिटर दूध पणाला लावण्याआधी एक कप दूध 32 अंशांपर्यंत कोमट करा. द्रवरूप रेनेटचे दोन थेंब चमचाभर पाण्यात मिसळून त्यात घाला आणि झाकून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात ते दह्यासारखं लागलं आणि सुरी फिरवल्यावर स्वच्छ चीर पडली, तर दूध पास. नाहीतर दुसऱ्या ब्रँडची पिशवी आणा.

मोझरेला कसा करायचा?

दोन लिटर थंड दुधात पाऊण छोटा चमचा सायट्रिक ॲसिड अर्धा कप पाण्यात विरघळवून घाला. मंद आचेवर 32 अंशांपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा. रेनेट (प्रमाण पाकिटावर बघा, प्रत्येकाची ताकद वेगळी) पाव कप पाण्यात मिसळून घाला, अर्धा मिनिट हलक्या हाताने ढवळा. हे पाणी उकळून गार केलेलं हवं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेटला मारतं. मग पाच-दहा मिनिटं पातेल्याला हातही लावू नका. याच टप्प्यावर सगळ्यांचा धीर सुटतो!

दूध लागलं की सुरीने इंचभराच्या वड्या पाडा, हळूहळू 41 अंशांपर्यंत तापवा, मग निवळी गाळून घ्या. हा गोळा 75-80 अंशांच्या मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून, जाड हातमोजे घालून ताणा आणि घड्या घाला. चकाकी आली की झालं. दोन लिटरमागे साधारण 200 ते 250 ग्रॅम चीज मिळतं. ते फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा.

ताणायची भीती वाटत असेल, तर मुंबईच्या पारशी घरांतलं ‘टोपली नु पनीर’ करून बघा. नावात पनीर असलं तरी ते रेनेटनेच लावतात, छोट्या टोपल्यांत निथळवतात आणि खारट निवळीत ठेवतात. चेडरचा नाद मात्र सध्या नको. त्याला 10 ते 13 अंशांत काही महिने मुरवावं लागतं. घरचा फ्रिज त्यासाठी फार थंड आणि आपलं स्वयंपाकघर फार गरम.

आणि एवढं करूनही पातेल्यात रवाच दिसला तर? फेकू नका. तेच दूध 90 अंशांपर्यंत तापवा, कापडातून गाळा. मोझरेला नाही, पण पराठ्याचं सारण नक्की होईल.