फोर्कच्या पायातलं तेल

माउंटन बाइकचा फोर्क निवडताना लोक ट्रॅव्हल, म्हणजे तो किती दबतो, ते बघतात, वजन बघतात, रंगही बघतात. खालच्या पायांत तेल किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. बऱ्याच फोर्कांत ते एका पायात पाच-दहा मिलिलिटर असतं, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे. पण वरची चकचकीत नळी मॅग्नेशियमच्या पायात सरकते ती याच तेलाच्या जोरावर. ते काळं पडलं की फोर्क आधी बारीक खडबड गिळणं सोडतो. मोठ्या उडीला तो दबतोच, त्यामुळे बिघाड लक्षात येत नाही. तळहात मात्र बधिर होऊ लागतात.

मोटारसायकलींच्या दुनियेतून आलेल्या पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही फोर्कची कंपनी सुरू केली. तिच्या पहिल्या फोर्कचा ट्रॅव्हल जेमतेम दोन इंच होता. तो लावून ग्रेग हर्बोल्डने १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला डाउनहिलचं जगज्जेतेपद मिळवलं. तेव्हापासून फोर्क खूप बदलले, पण नळी, सील आणि घोटभर तेल हा गाभा तोच राहिला.

रॉकशॉक्स आपल्या फोर्कांचे खालचे पाय दर ५० तासांनी उघडायला सांगते. शनिवार-रविवारी दोन-दोन तास चालवलं तर तीन महिन्यांत ते भरतात. सह्याद्रीत पावसाळा आणि जांभ्याची लाल धूळ असताना मी तेवढीही वाट बघू नये असं म्हणेन. सीलमधून आत गेलेली धूळ नळीवरचा अनोडाइज्ड थर घासून काढते. सील-तेल स्वस्तात मिळतं. थर गेलेली नळी बहुधा क्राउनसकट, म्हणजे दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या भागासकट बदलावी लागते.

हे काम घरी होतं, आणि व्हायला हवं. चाक आणि ब्रेकचं कॅलिपर काढून दूर ठेवावं. डिस्कला किंवा पॅडला तेल लागलं की ब्रेक गेलाच. आधी हवा पूर्ण सोडायची, यात हयगय नको. मग तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करायचे, अॅलन की बोल्टमध्येच ठेवून तिच्यावर रबरी हातोडीने ठोकायचं. आतला दांडा ‘टक्’ करून सुटतो, ते हातालाही कळतं. बोल्ट पूर्ण काढले की ट्रेमध्ये तेल ओघळतं. ते करडं, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

खरी मेहनत पुसण्यात आहे. सीलखालच्या स्पंजच्या कड्या काढून, धुऊन, नव्या तेलात भिजवायच्या. बुशिंगवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं, ते पांढरं बाहेर येईपर्यंत फिरवायचं. पाय परत चढवताना सीलची कड दुमडू द्यायची नाही. इथे घाई केली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. पाय अर्धे चढले की सिरिंजने तळाच्या भोकांतून तेल सोडायचं. त्याचं माप आणि जात आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावी, अंदाजाने नाही. बोल्टखालचे वॉशर नवे घालावेत आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळावेत.

हवा भरून फोर्क दहा-बारा वेळा दाबावा. नळीवर तेलाची पुसट रेघ उमटली तर ठीक. थेंब ओघळत राहिला तर सील तपासावं. रिबाउंडची कळ फिरवूनही परत येण्याचा वेग बदलत नसेल, तर दुखणं डँपरमध्ये, म्हणजे फोर्कचा वेग आवरणाऱ्या आतल्या भागात आहे. त्यासाठी वेगळी हत्यारं लागतात, तो सरावाच्या मेकॅनिककडेच न्यावा.