गाडी पाहून टिळा

२० फेब्रुवारी १९६६, रविवार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, पालो आल्टो आणि मेन्लो पार्क या शेजारशेजारच्या गावांत, अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी वाहनचालकांची परीक्षा घेतली, अर्थात चालकांच्या नकळत. चौकात लाल सिग्नलला अभ्यासकांची गाडी रांगेत सर्वांत पुढे उभी राहायची. सिग्नल हिरवा झाला तरी ती पंधरा सेकंद जागची हलायची नाही. मागच्या चालकाची वाट अडलेली. तो किती वेळ कळ काढतो आणि किती वेळा हॉर्न वाजवतो, एवढंच नोंदवायचं होतं. कधी पुढची गाडी म्हणजे काळी, नवीकोरी, चकचकीत क्रायसलर इम्पीरियल असायची, तर कधी गंज चढलेली जुनी फोर्ड किंवा साधीशी रॅम्बलर. स्वस्त गाडीमागे अडकलेल्यांपैकी ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला. महागड्या गाडीमागे हे प्रमाण ५० टक्के होतं. स्वस्त गाडीवर जवळजवळ निम्म्या चालकांनी दोनदा हॉर्न मारला, महागड्या गाडीवर पाचांतल्या साधारण एकाने. दोघा चालकांनी तर हॉर्नच्या भानगडीत न पडता सरळ पुढच्या गाडीच्या बंपरला धक्का दिला. दोन्ही वेळा पुढची गाडी स्वस्तातली होती.

या प्रयोगाचं मोल त्याच्या साधेपणात आहे. चूक तीच, खोळंबा तेवढाच, चौकही तसलेच. बदलली ती फक्त गाडी आणि तिच्यावरून बांधला गेलेला आत बसलेल्या माणसाचा अंदाज. तेवढ्याने मागच्याची सहनशक्ती वाढली किंवा आटली. म्हणजे रस्त्यावर मिळणारी वागणूक आपल्या वाहन चालवण्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच आपल्या वाहनावरून लोक आपली जी पायरी ठरवतात तिच्यावरही असते. ही गोष्ट कुतूहलापुरती नाही. रस्त्यावर कोणाला किती जागा आणि किती धीर मिळतो, यावर कोण सुखरूप घरी पोहोचतो हे काही अंशी ठरत असतं.

हा पक्षपात आपल्याला स्वतःत दिसत नाही, आणि डूब-ग्रॉस यांनी तेही तपासलं होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना असाच प्रसंग कागदावर देऊन विचारलं, ‘तुम्ही हॉर्न किती वेळाने वाजवाल?’ त्यांतल्या मुलग्यांनी सांगितलं, ‘महागड्या गाडीवर लवकर वाजवू.’ प्रत्यक्ष चौकात पुरुषांचं वागणं नेमकं उलटं निघालं. मनात आपण सगळेच बड्यांपुढे ताठ मानेने उभे राहणारे असतो, मात्र स्टिअरिंग हातात आलं की हात वेगळंच ठरवतो. ‘मी नाही बुवा गाडी बघून वागत’ हे उत्तर म्हणूनच पुरावा म्हणून चालत नाही. ते देणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःचं हे वागणं ठाऊकच नसतं.

आता पहिला आक्षेप. एक प्रयोग, तोही साठ वर्षांपूर्वीचा, जेमतेम पाऊणशे गाड्यांवरचा. एवढ्यावरून माणसाच्या स्वभावाबद्दल बोलावं का? आक्षेप रास्त आहे, आणि पुढचा इतिहास सरळ रेषेतला नाही हेही मान्य केलं पाहिजे. अमेरिकेतच १९७३ मध्ये चेस आणि मिल्स यांनी असाच प्रयोग करून उलटा निष्कर्ष काढला: वरच्या दर्जाच्या गाडीवर लोक जास्त चिडले. जर्मनीत म्युनिकमध्ये आंद्रेआस डीकमन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. अडवणारी गाडी कायम एकच ठेवली, फोक्सवॅगन जेटा, आणि मागे कोण अडकलं आहे ते पाहिलं. मागची गाडी जितकी वरच्या दर्जाची, तितका हॉर्न किंवा हेडलाइटचा झोत लवकर आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लास वेगासच्या अभ्यासात पादचारी रस्ता ओलांडू पाहत असताना ४६१ गाड्यांची नोंद झाली. थांबल्या फक्त २८ टक्के, आणि गाडीच्या किमतीत दर हजार डॉलरमागे थांबण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी घटत गेली. हे सगळं एकत्र ठेवलं की दिसतं ते असं: पायरीचा परिणाम कोणत्या दिशेने होईल हे जागेवर, काळावर आणि मागे कोण बसलं आहे यावर ठरतं, मात्र पायरीचा हिशेब होत नाही असं यांतला एकही अभ्यास म्हणत नाही. माझं म्हणणं तेवढ्यावरच उभं आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. ट्रकला वाट देतो ती त्याच्या वजनाला भिऊन, महागड्या गाडीपासून लांब राहतो ते तिला ओरखडा गेला तर दुरुस्तीचं बिल परवडणार नाही म्हणून. यात पायरी कुठे आली? धावत्या वाहतुकीत हे बरंचसं खरं आहे, आणि ट्रकपासून अंतर राखणं हा शहाणपणाच आहे. पण पालो आल्टोतली गाडी उभी होती. उभ्या गाडीचं वजन कोणावर आदळत नाही आणि हॉर्नने कोणाच्या रंगाला ओरखडा जात नाही. तिथे हात आवरला तो वेगळ्या भीतीने: आतला माणूस बडा असेल, ओळखीपाळखीचा असेल, उतरून जाब विचारेल, आपल्याला महागात पडेल. जुन्या गाडीतला माणूस उतरला तरी काय करणार आहे, असा अंदाज मनात आधीच झालेला असतो. राग दोन्हीकडे सारखाच येतो. तो बाहेर काढायचा की गिळायचा, हे समोरच्याच्या ताकदीच्या अंदाजावर ठरतं. ऑफिसात साहेबाचं बोलणं मुकाट ऐकून घेऊन घरी मुलांवर ओरडणाऱ्या माणसाचा हिशेबही हाच असतो.

हा हिशेब रस्त्यावर इतका उघडावाघडा का होतो, याला कारण गाडीची रचना आहे. रांगेत, दुकानात, लिफ्टमध्ये आपल्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. वय, थकवा, कडेवरचं मूल, ओशाळलेलं हसू यांतून आपण त्याला माणूस म्हणून ओळखतो आणि सांभाळून घेतो. गाडीत काळी काच, पत्रा आणि नंबर प्लेट एवढंच दिसतं. चेहऱ्याची जागा मॉडेल घेतं. आणि आपला चेहराही झाकलेला असल्याने आपली भीड चेपते. १९९५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात असंच सिग्नलवर अडवून छत उघडता येणाऱ्या गाड्यांचे चालक तपासले गेले. छत लावून बसलेल्यांनी हॉर्न लवकर वाजवला, जास्त वेळ दाबून धरला आणि जास्त वेळा वाजवला. छत उघडं असलेले, म्हणजे चारचौघांना दिसणारे, सबुरीने वागले.

सगळ्यांत बोलका पुरावा मात्र मोटारींचा नसून सायकलचा आहे. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका सायकलस्वाराने वेगवेगळ्या दिवशी सात वेगवेगळे पोशाख घातले आणि मागून येणारी गाडी किती अंतर सोडून पुढे जाते ते उपकरणाने मोजलं. असे पाच हजारांहून जास्त ओव्हरटेक मोजले गेले. एका पोशाखात तो सराईत शर्यतपटू वाटत होता, दुसऱ्या जाकिटावर तो नवशिका असल्याचं लिहिलेलं होतं, एक जाकीट पोलिसांच्या जाकिटासारखं दिसणारं होतं आणि चित्रीकरण चालू असल्याचं सांगत होतं. नवशिक्याला जास्त जागा मिळावी, हे कोणीही सांगेल. तशी मिळाली नाही. अंतर वाढलं ते फक्त पोलिसासारख्या जाकिटाला, तेही सरासरी पाचेक सेंटिमीटरनेच. आणि अंगावर काहीही असलं तरी शंभरात एक-दोन गाड्या अर्ध्या मीटरच्याही आतून गेल्या. ‘मी दुबळा आहे, सांभाळून घ्या’ या सांगण्याला रस्त्याने किंमत दिली नाही, ‘माझ्यामागे सत्ता आहे’ याला मात्र थोडी दिली.

आपल्याकडे हे कळायला जाकिटं घालून अंतर मोजायची गरज नाही. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे बंद केले, कारण त्या दिव्यापुढे गर्दी आपोआप बाजूला होत होती आणि तो मिरवणाऱ्यांची संख्या हाताबाहेर गेली होती. दिवा गेला तरी त्यामागची समजूत गेली नाही. काचेवर ‘पोलीस’ किंवा ‘प्रेस’ची पट्टी, पक्षाचं चिन्ह, आडनाव-गाव सांगणारी अक्षरं, ‘दादा’ वाचता यावं असा वळवलेला नंबर, पैसे मोजून घेतलेला पसंतीचा क्रमांक, या सगळ्यांचं काम एकच: हॉर्न वाजवण्याआधी, आडवं जाण्याआधी समोरच्याने दोनदा विचार करावा. लाल अक्षरात ‘एल’ लिहिलेल्या गाडीला मात्र मागचा हॉर्न चुकत नाही. शिकणाऱ्याला धीर द्यावा म्हणून लावायची ती पाटी. आपल्या चौकांत ती उतावळ्यांना चेव आणते.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: रस्ता असाच असेल तर मोठी गाडी घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. जाहिराती ‘रोड प्रेझेन्स’ या नावाने हेच विकतात, आणि २०२३-२४ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६० टक्के एसयूव्हीसारख्या मोठ्या वर्गातल्या होत्या. घर सांभाळणाऱ्या माणसाने कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी भक्कम गाडी घेतली तर त्याला दोष देता येणार नाही. पण दरारा ही दुसऱ्याच्या तुलनेतच मिळणारी गोष्ट आहे. सगळेच एक पायरी वर चढले तर कोणीच वर राहत नाही. फक्त गल्ल्या अरुंद होतात आणि ज्याला ती शर्यत परवडत नाही तो आणखी खाली जातो. तो कोण, हे सरकारी आकडे सांगतात. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. या मृत्यूंमागे वेग, खराब रस्ते, हेल्मेट नसणं अशी पुष्कळ कारणं आहेत. सगळं पायरीच्या माथी मारणं चूक ठरेल. पण ज्याच्या अंगाभोवती पत्रा नाही, त्याचीच वाट आपण सर्वांत बिनदिक्कत कापतो, आणि आपल्या चुकीची सर्वांत मोठी किंमतही तोच देतो, हे नाकारता येत नाही.

यावर उपाय दोन बाजूंनी लागतात. एक व्यवस्थेचा. गरज नसताना हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आहे, पण तो गाडी न पाहता वसूल झाला तरच त्याला अर्थ. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला समोर आणलेला प्रयोग या दृष्टीने मोलाचा होता: चौकातला आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचा वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या यंत्राला मर्सिडीज आणि रिक्षा यांतला फरक कळत नव्हता. चौकातले कॅमेरे, उंचवट्यावरून जाणाऱ्या पादचारी पट्ट्या, वेगळी केलेली सायकलवाट यांनाही तो कळत नाही, म्हणून या गोष्टी दुबळ्याचं रक्षण माणसाच्या भलेपणापेक्षा जास्त भरवशाने करतात. नियम तोडणाऱ्या मोठ्या गाडीला हात दाखवताना कचरणारा आणि मोपेडवाल्याला कोपऱ्यात घेणारा कारभार मात्र हीच उतरंड पक्की करतो.

दुसरी बाजू आपल्या हातातली आहे. पुढची गाडी अडली आणि हात हॉर्नकडे गेला की क्षणभर मनात गाडी बदलून पाहावी. जुन्या ऑल्टोच्या जागी काळी लांबलचक लिमोझिन असती, तर मी आत्ता हॉर्न वाजवला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो हॉर्न खोळंब्यासाठी नव्हता, समोरचा काही करू शकणार नाही या खात्रीसाठी होता. तो वाजवू नये. आणि उलट, आपल्या मोठ्या गाडीला न मागता वाट मिळत असेल, तर ती आपल्या कौशल्याची पावती न समजता दुसऱ्याने घेतलेली माघार समजावी, आणि पुढच्या पट्टीवर ताटकळणाऱ्या पादचाऱ्यासाठी ब्रेक दाबावा. रस्त्यावरचा धीर गाडीच्या किमतीप्रमाणे वाटायचा नसतो. ज्याला अपघातात सर्वाधिक सोसावं लागेल, त्याच्या वाट्याला तो सर्वांत जास्त यायला हवा.