पडद्यावरची जांभळी

संगणकावर आपण एक काल्पनिक रोप वाढवू. पाने जांभळी, देठाला घुंगरे! नियम एकच: शेंडा थोडा वर सरकतो, एक पान सोडतो आणि ९० अंशांतून वळतो. पुन्हा तेच. वनस्पतींची वाढ अशा पुन्हापुन्हा वापरायच्या नियमांत मांडण्याची पद्धत लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दिली.

आता चित्र तपासू. जांभळा रंग चालेल, घुंगरेही चालतील. खटकते ते वेगळेच. पाचवे पान नेमके पहिल्यावर येते, म्हणजे खालची पाने सावलीत उपाशी! ९०ऐवजी १३७.५ अंश घातले, की पाने चटकन एकमेकांवर येत नाहीत. सूर्यफुलाच्या बियाही साधारण याच कोनाने मांडलेल्या असतात.

संगणक नसेल तर कोनमापक घ्या. १४४ अंशही करून पाहा: सहावे पान पुन्हा पहिल्याच्या डोक्यावर!