फडक्यावरचे काळे म्हणजे मळ नव्हे

जुन्या मोटारी जिव्हाळ्याने बाळगणारी माणसे वाराणसीत थोडीच. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडील आमच्या दक्षिणी वस्तीत तर गल्ल्याच अशा अरुंद की मोटार आत आणण्याची कल्पनाही कोणी करीत नाही. जी काही वाहने आहेत ती सिगरा, महमूरगंज किंवा छावणी भागातील बंगल्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असतात. परंतु या थोड्या मंडळींत एक समज असा एकमुखाने नांदतो की तो वारंवार ऐकून मन विटून जाते. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे भाग घासूनपुसून आरशासारखे केले म्हणजे त्यांचे संरक्षण झाले, आणि चकाकी जितकी अधिक तितके त्या धातूचे आयुष्य अधिक, हा तो समज होय. गंगेपलीकडे रामनगरच्या किल्ल्यातील संग्रहालयात काशीनरेशांच्या जुन्या मोटारी पाहताना, 'यांना कोणी पॉलिश का करीत नाही' अशी हळहळ व्यक्त करणारे प्रेक्षकही याच समजाचे वारकरी असतात.

या समजाला पुरावा म्हणून हटकून पुढे केले जाते ते फडके. मिस्त्री झाकणावर पॉलिशची लुकण लावतो, पांढऱ्या सुती फडक्याने घासू लागतो, आणि दोन मिनिटांत ते फडके काजळीसारखे काळे होते. फडके बदलले तरी तेही काळे होते, तिसरेही तसेच. 'अभी मैल निकल रहा है, बाबूजी,' असे तो मोठ्या समाधानाने सांगतो, आणि मालकही मळ संपेपर्यंत घासण्याचा हुकूम देऊन निश्चिंत होतो. तो मळ कधीच संपणार नाही, कारण तो मळ नव्हेच. पहिल्या फडक्यावर थोडे तेल, थोडी धूळ असेल; त्यानंतर जे काळे येते ते स्वतः ॲल्युमिनियम होय, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात खरवडून निघालेले. धातूचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीइतके बारीक झाले की ते चमकत नाहीत, काळे दिसतात. कोणाला शंका असेल त्याने बाजारातून ॲल्युमिनियमचा कोरा, स्वच्छ पत्रा आणावा, साबणाने धुवावा आणि त्याच पॉलिशने घासून पाहावा. मळाचा लवलेश नसलेल्या त्या पत्र्यावरूनही फडके तितकेच काळे होईल. हा प्रयोग ज्याला त्याला सुचवावा, आणि तरीही पुढच्या खेपेस त्याच्या तोंडून 'मळ' हाच शब्द ऐकावा, याचा मात्र मनस्वी त्रास होतो.

आता घासण्याने नेमके काय जाते, ते शांतपणे पाहू. ॲल्युमिनियम हा अत्यंत क्रियाशील धातू आहे. हवेचा स्पर्श होताक्षणीच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर जमतो. हा थर साधारण २ ते ५ नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन ते पाच. इतका पातळ असूनही तो धातूला घट्ट चिकटून बसतो, कारण ज्या धातूपासून तो बनतो त्याच्या सुमारे १.२८ पट जागाच त्याला लागते. त्यामुळे पृष्ठभाग पुरता झाकला जातो आणि थर उकलत नाही. लोखंडाचा गंज याच्या उलट कितीतरी अधिक फुगतो, पापुद्रे धरतो, गळून पडतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे टाकतो. तात्पर्य असे की ॲल्युमिनियमचे संरक्षण त्या मंद, करड्या, डोळ्यांत न भरणाऱ्या थराकडेच आहे, आणि पॉलिश करणे म्हणजे तो थर व त्याखालचा थोडा धातू खरवडून काढणे. थर क्षणार्धात पुन्हा येतो हे खरे, म्हणून एकदा घासल्याने इंजिनाचा नाश ओढवत नाही. पण त्यात संरक्षणाची भर मात्र कणभरही पडत नाही.

लंडनच्या पिकॅडिली चौकातील आल्फ्रेड गिल्बर्ट यांचा पंखधारी पुतळा १८९३ साली उभा राहिला, तो ॲल्युमिनियमचा आहे. रोममधील सान जोआकिनो या चर्चच्या घुमटावर १८९७ साली ॲल्युमिनियमचे पत्रे चढवले गेले. धूर, पाऊस आणि शहरी हवा या सर्वांना या वस्तूंनी तोंड दिले ते आरशासारख्या झिलईच्या बळावर नव्हे. एवढे मात्र न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे की गुळगुळीत पृष्ठावर तेल, धूळ आणि क्षार कमी साचतात व पुसणे सोपे जाते. पॉलिशचा काही व्यावहारिक लाभ असेल तर तो एवढाच. डोळ्यांना सुख म्हणून कोणी चकाकी आणली तर त्यालाही हरकत नाही. १९४८ साली जॅग्वारने आपले एक्सके इंजिन जगापुढे आणले तेव्हा त्याच्या ॲल्युमिनियम शिरोभागावरील (सिलिंडर हेडवरील) कॅमची झाकणे कारखान्यातच झिलई देऊन येत, आणि ती तशीच ठेवणे उचित आहे. पण त्या काळच्या कित्येक इंजिनांचे क्रँककेस वाळूच्या साच्यातून आले तसे खरखरीत ठेवलेले असत. त्यांचा आरसा करणे म्हणजे अस्सल दस्तऐवजावरची अक्षरे खोडून त्यावर नवा मजकूर लिहिण्यासारखे आहे.

हा भ्रम या नगरीत इतका खोल का रुजला, याचे कारण ठठेरी बाजारात सापडते. काशी हे पितळेचे शहर. पितळ काळवंडते, चिंचेने किंवा लिंबाने घासले की उजळते, आणि देवघरातली उपकरणी शेकडो वर्षे याच शिरस्त्याने वापरात राहिली आहेत. तेव्हा जो इलाज पितळेला तोच ॲल्युमिनियमला, असे गृहीत धरले जाते. पण ॲल्युमिनियमचा ऑक्साइड सुमारे ४ ते ८.५ या सामूच्या दरम्यानच स्थिर राहतो. चिंचेचा कोळ या मर्यादेच्या खाली, धुण्याचा सोडा तिच्या वर, आणि कॉस्टिक सोडा तर फारच वर. चिंचेने जर्मलचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, काळे पातेले उजळते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ते उजळते ते थर विरघळल्यामुळे, आणि कोळ नीट धुतला न गेल्यास तेथेच बारीक खड्डे पडू लागतात.

कॉस्टिक सोड्याची कैफियत याहून गंभीर आहे. लोखंडी शिरोभागावरचे जुने तेल आणि कार्बन काढण्यासाठी ते उकळत्या कॉस्टिकच्या पिंपात बुडवण्याची पद्धत कारखान्यांत जुनी आहे, आणि लोखंडाला ती मानवतेही. प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण शिरोभाग ॲल्युमिनियमचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीची ही रचना जाणत्या मिस्त्रीला ठाऊक असते, नवख्याला नसते. माझ्या एका स्नेह्यांच्या पद्मिनीचा शिरोभाग असाच एका कारखान्यात लोखंडी भागांबरोबर पिंपात गेला. पाण्याला उकळी नसतानाही बुडबुडे फुटू लागले. तो हायड्रोजन होता, आणि जवळ विडी पेटलेली नव्हती हे सुदैव. बाहेर काढलेला भाग कोळशासारखा काळा होता, कारण मिश्रधातूतील ॲल्युमिनियम विरघळले आणि न विरघळणारे सिलिकॉन व तांबे पृष्ठावर उरले. तो काळा लेप 'मळ वर आला' म्हणून घासून काढण्यात आला! गॅस्केट बसण्याची सपाटी नखाला लागण्याइतकी खाल्ली गेली होती आणि आट्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. ज्यांना हा अपवाद वाटत असेल त्यांनी येथून दक्षिणेस सोनभद्रातील रेणुकूटची माहिती घ्यावी. तेथे १९६२ पासून चालत असलेल्या कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिनाचा, म्हणजे याच ऑक्साइडचा, अंश विरघळवून काढतात, तो तप्त कॉस्टिक सोड्यानेच. बायर यांची १८८८च्या सुमाराची ही प्रक्रिया आज जगभर रूढ आहे. आणि ज्या काशी हिंदू विश्वविद्यालयात १९२३ साली धातुशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, त्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर हे पिंप उकळावे, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

बाकीचे समज थोडक्यात निकालात काढता येतात. पोलादी ब्रशने किंवा तारेच्या चोथ्याने घासू नये. त्याचे लोखंडी कण धातूत रुतून बसतात, तेथे तांबूस ठिपके उठतात आणि त्यांच्या भोवतीचे ॲल्युमिनियम झिजते. पारदर्शक लाखेचा हात दिला की कायमची खातरजमा झाली, असे नव्हे. लाखेला एक ओरखडा गेला की त्यातून ओल शिरते आणि लेपाखाली किड्याच्या वाटेसारखी पांढरी रेघ सरकू लागते. कार्नौबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते, म्हणून चालत्या इंजिनाच्या शिरोभागावर ते टिकणार नाही. क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीच्या थंड भागांवर मात्र त्याचा उपयोग आहे. काचेच्या मण्यांचा मारा करून आलेला भाग तेलाच्या वाटा पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय जोडू नये. आत राहिलेला एक मणी बेअरिंग खराब करायला पुरतो. कार्बोरेटर पांढरा दिसतो म्हणून तो ॲल्युमिनियमचाच, असे धरून चालू नये. पुष्कळ कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ज्या चाकावर लोखंड घासले त्याच चाकावर ॲल्युमिनियम कधीही घासू नये, कारण ॲल्युमिनियमची भुकटी आणि गंजाची भुकटी यांचे मिश्रण ठिणगीने भडकले तर ती आग पाण्याने विझत नाही.

खरा बंदोबस्त करावयाचा तो बाहेरच्या झाकणाचा नव्हे, आतल्या पाण्याच्या वाटांचा. जुन्या पद्मिनीचा शिरोभाग उघडला की या वाटांच्या तोंडाशी ओल्या चुन्यासारखा पांढरा लगदा दिसतो, आणि पोलादी स्टड ॲल्युमिनियममध्ये असे अडकलेले असतात की पाना लावताच तुटतात. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की दोहोंची मिळून बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खर्ची पडते. श्रावण-भाद्रपदात महिनामहिना उभ्या असलेल्या गाडीत हा व्यवहार अव्याहत चालतो. येथील बोअरिंगचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरणे म्हणजे त्याला खाद्य पुरवणे होय. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात ॲल्युमिनियमला चालणारा गंजरोधक असलेले शीतक द्रव्य, आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलणे. स्टड बसवताना आट्यांना न चिकटू देणारी लुकण. आणि बाहेरून सौम्य साबण, भरपूर स्वच्छ पाणी, मऊ फडके व नंतर इंजिन अर्धा तास चालवून वाळवणे, एवढीच तजवीज पुरेशी आहे. पॉलिशची डबी कपाटात राहिली तरी चालेल; शीतकाची तारीख मात्र बॉनेटच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी.