उनाड, उद्धट की आजारी?

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, की दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो, जुलाबही नसतात. आई किंवा आजी पोराचा हात धरून आणते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, याचं डोकं तपासा. गुरुजी म्हन्तेत, हे पोट्टं वर्गात काई आयकतच नाई." सोबत वही असते आणि वहीत शेरा असतो: ‘लक्ष नाही’, ‘उद्धट आहे’, ‘अभ्यासात मागे’. हा शेरा वाचून घरी बहुधा मार बसलेला असतो. डॉक्टरचा क्रमांक त्यानंतर लागतो.

पालकहो, नुसता ‘ताप आहे’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर औषध देत नाही. ताप केव्हा येतो, थंडी वाजते का, किती दिवसांपासून आहे, हे तो विचारतो. वर्तनाच्या तक्रारीचेही तसेच आहे. ‘उद्धट’ हा निकाल झाला, लक्षण नव्हे. मूल नेमके काय करते, केव्हा करते आणि किती वेळा करते, हे कळले तरच त्यामागचे कारण सापडते.

वयाचा हिशेब

पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावीत, असे राज्य शासनाने २०२० मध्ये ठरविले. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी एकाच बाकावर एक मूल साडेपाच वर्षांचे, तर दुसरे साडेसहाचे असू शकते. या वयात एक वर्षाचे अंतर फार मोठे असते. एका जागी बसणे, पेन्सिल धरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे सारे मेंदूच्या वाढीनुसार येते. अमेरिका, कॅनडा आणि तैवान येथील अभ्यासांत असे आढळले, की वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलांवर ‘अतिचंचल’ हा शिक्का अधिक वेळा बसतो. म्हणून तक्रार आली की प्रथम मुलाचा जन्ममहिना पाहावा. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्या मुलाची बरोबरी जानेवारीतल्या मुलाशी करू नये.

शरीराची तक्रार, वर्तनाचे रूप

कान : वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त ऐकू कमी येते. तेही कधी बरे, कधी कमी. त्यामुळे ‘मनात असलं की बरोबर ऐकतो’ असा समज होतो. मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातून आजीने दुसरीतला नातू आणला होता. वहीत शेरा होता, ‘हाक मारली तरी ओ देत नाही, उद्धट आहे.’ मी त्याच्या मागे हातभर अंतरावर उभा राहून हळू आवाजात आकडे म्हटले व ते परत म्हणायला सांगितले. तो समोर भिंतीकडे पाहत राहिला. पुढे आलो, तोच आकडा ओठ दिसतील असा म्हटला, तेव्हा लगेच उत्तर आले. दोन्ही पडद्यांमागे द्रव होता. अकोल्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. हा द्रव पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, तसा त्याचाही ओसरला. तोवर करायचे एवढेच होते, की त्याला पहिल्या बाकावर बसवावे आणि समोर येऊन बोलावे. गुरुजींना मी तशी चिठ्ठी लिहिली व त्यांनी ते मनापासून केले. आजी मात्र म्हणाली, "दोन महिने उगाच मार खाल्ला लेकरानं."

डोळे : फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे, डोळे बारीक करून पाहणारे मूल ‘नक्कल करते’ म्हणून बोलणी खाते. त्याला दूरचे दिसतच नसेल. लहान मुलाला जग असेच धूसर असते असे वाटते, म्हणून ते स्वतःहून सांगत नाही.

रक्त व जंत : सहा ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असल्यास त्याला पांडुरोग म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत तो आढळला. हीच मुले पुढे पहिलीत येऊन बसतात. असे मूल दंगा करीत नाही. ते सुस्त असते, लवकर थकते, माती किंवा खडू खाते. त्याला ‘आळशी’ म्हणतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि जंतनाशक गोळी यासाठीच असते. ‘गोळीने त्रास होतो’ या ऐकीव गोष्टीवरून ती चुकवू नये.

झोप व भूक : या वयाच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहणारे मूल सकाळी चिडचिड करते, एका जागी बसत नाही. झोप कमी झालेले मूल मोठ्या माणसासारखे पेंगतेच असे नाही. उलट ते अधिकच चाळे करते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे शासनाने २०२४ मध्ये सांगितले ते याच कारणाने. शाळेतील आहारातून पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरले आहे. पण तो आहार दुपारचा. घरून नुसता चहा पिऊन आलेल्या मुलाचे सकाळच्या तासांत लक्ष कसे लागेल?

शून्यात पाहणे : बोलता-बोलता मूल मध्येच थांबते, पाच-दहा सेकंद टक लावून पाहते, पापण्या फडफडतात आणि जणू काही झालेच नाही असे पुढे बोलू लागते. असे दिवसातून अनेकदा होत असेल तर ती फेपऱ्याची एक जात असू शकते. यात मूल पडत नाही, फेस येत नाही. म्हणून कोणाला शंका येत नाही. मेंदूच्या आलेखाने निदान होते आणि औषधाने बहुतेक मुले चांगली होतात. हे सर्वांत आधी ओळखू शकतात ते गुरुजीच.

लघवी : शाळेच्या संडासाची घाण किंवा भीती वाटते म्हणून काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग पोट दुखते, लघवीला जळजळ होते आणि शाळेत जायचे नाही म्हणून रडणे सुरू होते.

भाषेचा अडसर

मानोरा तालुक्यातील तांड्यांवरून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात. पहिलीत त्यांना पुस्तकी मराठी प्रथमच कानी पडते. असे मूल काही महिने गप्प राहते. ती मंदबुद्धी नव्हे, तो घाबरेपणाही नव्हे. ते भाषा गोळा करीत असते. त्याच्याशी घरच्या भाषेतले दोन शब्द बोलले तरी ते मोकळे होते. आई-वडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहिलेल्या मुलाचे रुसणे-भांडणेही असेच समजून घ्यावे लागते.

मग खरा दोष कोणता?

हे सगळे तपासून झाले, तरी काही मुलांत खरोखर लक्ष टिकत नाही, चंचलता फार असते. पण ती शाळेत आणि घरी, दोन्हीकडे, किमान सहा महिने दिसली पाहिजे. फक्त गणिताच्या तासाला दिसणारी चंचलता हा आजार नव्हे. बोलण्यात हुशार, पण तिसरी संपत आली तरी अक्षरे जुळत नाहीत, अशा मुलात अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. या दोन्हींचे निदान तज्ज्ञांनी करावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

घर आणि शाळा यांनी काय बोलावे?

गुरुजी व बाईंना विनंती, की शेऱ्याऐवजी निरीक्षण लिहावे. ‘लक्ष नाही’ ऐवजी ‘मागच्या बाकावरून फळा वाचत नाही, जवळून वाचतो’ असे लिहावे. तीस-चाळीस मुलांत हे कठीण आहे, पण एका ओळीने मुलाचे वर्ष वाचते. त्याच वहीत एखादी चांगली गोष्टही लिहावी. फक्त तक्रारीसाठीच निरोप आला, तर पालक शाळेचा रस्ता टाळू लागतात. सोयाबीनच्या सोंगणीत सभा ठेवून ‘पालक येत नाहीत’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

पालकांनी शाळेपासून काही लपवू नये. मुलाला झटके येतात, रात्री अंथरूण ओले होते, घरात नुकतेच कोणी वारले, हे शिक्षकांना एकांतात सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पथकाने पुढे पाठविण्याची चिठ्ठी दिली तर ती कपाटात न ठेवता रुग्णालयात न्यावी. पुढील तपासणी व उपचार मोफत होतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पाणी, संडास, बसण्याची जागा हे प्रश्न तेथे मांडण्याचा अधिकार तुमचाच आहे.

राहिला मार. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. घरी कायदा डोकावत नसला तरी नियम तोच पाळावा. मारल्याने ऐकू येत नाही, दिसत नाही, रक्तही वाढत नाही. वाढते ती भीती, आणि घाबरलेले मूल आपल्याला काय होते हे सांगणेच बंद करते.

तेव्हा वहीत शेरा आला की दोन कामे करावीत. शाळेत जाऊन ‘नेमके काय होते, केव्हा होते’ हे विचारावे आणि आठवडाभरात मुलाचे कान, डोळे व रक्त तपासून घ्यावे. शिक्षेचा विचार त्यानंतर. बहुतेकदा त्याची गरजच पडत नाही.